एक्ससेट

एक्ससेट ही एक्स विंडो प्रणालीतील एक छोटी आज्ञावली आहे. लिनक्स व तत्सम संगणकांवर टर्मिनलमध्ये एक ओळ टंकून तिच्या साहाय्याने माउसचा वेग, कळ दाबून धरल्यास अक्षर पुन्हा उमटण्याची गती, घंटीचा आवाज इत्यादी बाबी बदलता येतात. एक्स विंडो प्रणालीचा आरंभ १९८४ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे झाला.

माउसचा वेग

माउससाठी 'एम' हे अक्षर व त्यापुढे दोन संख्या देतात : पहिली त्वरणाची, दुसरी उंबरठ्याची. उदा. 'एक्ससेट एम ३/१ ४' अशी आज्ञा दिल्यास, अल्पावधीत ४ पिक्सेलांहून अधिक हालचाल झाली की पडद्यावरील दर्शक तिप्पट वेगाने धावतो. हात सावकाश हलल्यास तो मूळ वेगानेच चालतो. भौतिकशास्त्रातील त्वरणाशी या शब्दाचे नाते नाममात्रच. येथे तो निव्वळ गुणक होय. खरे मर्म उंबरठ्यात आहे. त्यामुळे लांबचा पल्ला झटपट गाठता येतो आणि बारीक चिन्हावर नेम धरताना दर्शक निसटत नाही. हात कापणाऱ्या व्यक्तीस मात्र हे त्वरण जाचक होऊ शकते. गुणक १/१ ठेवल्यास ते नाहीसे होते.

'एक्ससेट क्यू' या आज्ञेने चालू मूल्ये दिसतात, तर 'एक्ससेट एम डिफॉल्ट' या आज्ञेने मूळ मूल्ये परत येतात.

मर्यादा

केलेला बदल लॉग आउट करेपर्यंतच टिकतो. 'लिबइनपुट' चालक वापरणाऱ्या नव्या संगणकांवर या संख्यांचा परिणाम होत नाही; तेथे 'एक्सइनपुट' या आज्ञावलीने −१ ते १ या दरम्यानचे वेगमूल्य द्यावे लागते.