ऐंशी रुपये उसने आणि सात मालकिणी



गेल्या दिवाळीत आमच्या गटाने मसाले विकले आणि नफा वाटताना वाद लागला. काहीजणी म्हणाल्या, जिने जास्त दिवस काम केलं तिला जास्त नफा. एकीची सासू आजारी होती, तिला थोडेच दिवस येता आलं. ती मान खाली घालून बसली. दोन बैठका झाल्या, तोडगा निघेना. तेव्हा आम्ही लिज्जत पापडाचा इतिहास मिळून वाचला. तोच आज तुम्हाला सांगतो.

15 मार्च 1959. मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायका पापड लाटायला बसल्या. त्यांत जसवंतीबेन पोपट होत्या, ज्यांना पुढे 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. भांडवल होतं उसने घेतलेले 80 रुपये. ते दिले समाजसेवक छगनलाल पारेख यांनी. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं तयार झाली.

पैसा थोडा होता, पण एक गोष्ट त्यांनी सुरुवातीलाच ठरवली. तोटा झाला तरी देणगी मागायची नाही. आधी त्या एक चांगला, एक हलका असे दोन प्रकारचे पापड करत, पण पारेखांच्या सल्ल्याने एकाच चांगल्या दर्जाचे पापड करू लागल्या. हिशेब चोख ठेवा, हाही पारेखांचा आग्रह होता. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, चार महिने काम बंद पडलं. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह! काम चालू राहिलं.

संस्था वाढली, 1966 मध्ये नोंदणी झाली. कागदावर ती सहकारी सोसायटी नाही, पण कारभार सहकाराचा आहे. पापड लाटणारी प्रत्येक बाई मालकीण, आणि सगळ्यांना हाक एकच, बहीण. पुरुष पगारावर काम करतात, पण सभासद होऊ शकत नाहीत. निर्णय सगळ्यांच्या संमतीने होतात. एका बहिणीची हरकतही ऐकावी लागते.

आता आमच्या वादाचं उत्तर बघा. तिथे लाटण्याची मजुरी वजनावर मिळते. जितके किलो, तितके पैसे. नफा-तोटा मात्र सगळ्यांचा सारखा. मजुरी कामाची, नफा मालकीचा. आम्ही या दोन्हींची गल्लत करत होतो!

मग आम्ही ठराव केला. मसाला कांडण्याची मजुरी किलोवर द्यायची, उरलेला नफा सारखा वाटायचा, आणि वही प्रत्येक बैठकीत मोठ्याने वाचायची. जास्त काम करणारीला तिची मजुरी मिळाली. आजारी सासूजवळ थांबलेलीला तिचा वाटाही मिळाला. एकजण अजून थोडी नाराज आहे. तिचंही म्हणणं आम्ही वहीत लिहून ठेवलंय.

मैत्रिणींनो, आपण एकमेकींना काय मानतो, मजूर की मालकीण, यावरून गटाचे नियम ठरतात. पुढच्या बैठकीत आपापली नियमांची वही उघडा. नफा कसा वाटायचा, हे तिथे लिहिलंय का? नसेल तर पैसा हातात यायच्या आधी लिहा. पैसा आल्यावर लिहायला बसलं की भांडण होतं, हे आम्ही अनुभवाने सांगतो.