कुटा : 'बिघडण्यापूर्वी'चा शोध

बाली बेटाच्या दक्षिणेस, कुटा येथे, पाठीवर सामान बांधून आम्ही पोहोचलो तेव्हा पहिली ओळख झाली ती समुद्राची नव्हे, दुचाक्यांची. अरुंद गल्ल्या, भाड्याच्या सर्फिंगच्या फळ्या, केसांच्या बारीक वेण्या घालून देणाऱ्या बाया, आणि या साऱ्यापलीकडे माणसांनी भरलेली वाळूची लांब पट्टी. 'हे बिघडण्यापूर्वी यायला हवे होते' हा उद्गार आमच्यात लगेच निघाला. तो आमचा खासगी नव्हता. त्यामागे एक वाङ्मयीन परंपरा उभी आहे. मेक्सिकन चित्रकार मिगेल कोवारुबियास याने १९३७ साली प्रसिद्ध केलेल्या बालीवरील ग्रंथातच पर्यटनाने हे जग नासेल अशी धास्ती आहे. त्याआधी, १९२७ मध्ये, रवींद्रनाथ ठाकूर बालीला गेले ते प्राचीन भारताच्या खुणा धुंडाळत. प्रत्येकाला हवी होती ती आधीची बाली.

पण 'बिघडण्यापूर्वीचे' कुटा नेमके कोणत्या सालचे? बालीच्या दिशाकल्पनेत पवित्र ती पर्वताकडची बाजू, 'काजा'. समुद्राकडची ती 'केलोद'. किनारा हे रम्यस्थळ मानण्याची दृष्टी बाहेरून आली. एकोणिसाव्या शतकात कुटा हे व्यापाऱ्यांचे ठिकाण होते. माड्स लांगे हा डॅनिश व्यापारी तेथून तांदूळ आणि खोबरेल परदेशी पाठवी. १८५६ मध्ये तो तेथेच वारला, त्याची कबरही तेथेच आहे. त्याच्याही आधी या बेटावरून गुलाम बटाव्हियाला जात. तेव्हा निष्पाप कोळीवाड्याचे चित्र इतिहासाला फारसे मानवत नाही.

१९३६ मध्ये बॉब आणि लुईस कोक या अमेरिकन जोडप्याने येथे गवताने शाकारलेल्या झोपड्यांचे हॉटेल थाटले. कॅलिफोर्नियाच्या या बॉबनेच लाटांवर फळी चालवण्याचा खेळ येथे आणला असे मानतात. १९४२ च्या जपानी आक्रमणाने तो डाव मोडला. पुढे १९६९ मध्ये विमानतळ आंतरराष्ट्रीय झाला; सरकारी आराखडा श्रीमंत पाहुण्यांना नुसा दुआ येथे एकवटण्याचा होता. कुटा वाढले ते या आराखड्याबाहेर. इस्तंबूल-काबूल-काठमांडू करीत आलेल्या कफल्लक तरुणांना गावकऱ्यांनी घराच्या अंगणातल्या खोल्या, 'लोसमेन', भाड्याने दिल्या. ज्या बेशिस्त बांधकामावर आज नाके मुरडली जातात, त्याची सुरुवात या अंगणांत आहे, आणि तो पैसा निदान आरंभी तरी त्याच घरांत राहिला, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते. मग १९७५ मध्ये 'साउथ-ईस्ट एशिया ऑन अ शूस्ट्रिंग' हे पिवळ्या वेष्टनाचे पुस्तक आले. आडवाटेचे पत्ते छापले की वाट आडवी राहत नाही!

१२ ऑक्टोबर २००२ च्या रात्री लेगियान रस्त्यावर बॉम्बस्फोट झाले. २०२ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ८८ ऑस्ट्रेलियन होते, ३८ इंडोनेशियन. स्मारकशिलेवर सर्वांची नावे आहेत. त्यानंतर पर्यटक पांगले. २०२० च्या महासाथीत परदेशी पाहुण्यांना बंदीच झाली. प्रवासवर्णनांनी ज्याची आस धरली तो निर्मनुष्य किनारा दोन वेळा प्रत्यक्षात उतरला. विक्रेत्या बायांच्या लेखी तो बुडालेल्या रोजीचा काळ होता.

एक रिकामेपण मात्र बालीने स्वतः योजलेले आहे. शक नववर्षाच्या दिवशी, 'न्येपी'ला, विमानतळ चोवीस तास बंद असतो, दिवे मंद असतात, आणि परदेशी पाहुण्यालाही किनाऱ्यावर जाता येत नाही. त्याच्या काही दिवस आधी, 'मेलास्ती'साठी, मंदिरांतील पवित्र वस्तू घेऊन पांढऱ्या वस्त्रांतील गावेच्या गावे शुद्धीकरणासाठी समुद्रावर येतात. त्या दिवशी वाळूवर जी दाटी होते तीत पर्यटक कडेला उभा असतो.