घोट्याची अस्थिरता : चालीचे पुनःप्रशिक्षण
घोटा मुरगळल्यानंतर सूज उतरली, तरी काहींचा पाय सपाट जमिनीवरही वारंवार लचकतो. अशा व्यक्तींच्या चालीत तळवा आतल्या बाजूला वळलेला राहतो आणि भार पावलाच्या बाहेरच्या कडेवर सरकतो. सांध्यातील संवेदी चेतातंतूंची इजा हे त्यामागचे कारण फ्रीमन व सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये सुचवले. स्नायू बळकट केले की चालही आपोआप सुधारेल, हा समज फारसा खरा ठरलेला नाही. म्हणून उणावलेली जाणीव बाहेरून पुरवतात. करंगळीच्या मुळाशी, तळव्याखाली दाबसंवेदक बसवतात. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त भार आला की आवाज होतो किंवा कंपन जाणवते. दुसऱ्या पद्धतीत बुटावरील लेसरची रेषा समोरच्या भिंतीवर पाहत पाऊल सरळ ठेवायचे असते. संकेत चालू असताना भाराची विभागणी लगेच सुधारते; तो बंद झाल्यावर सुधारणा टिकवणे अधिक अवघड.