मॅरेथॉन : ग्रंथातून मैदानात

मैदानी क्रीडाप्रकारांची कुळे एक नाहीत. थाळीफेक, भालाफेक व लांब उडी ही ग्रीक पंचक्रीडेची अंगे होत. स्टीपलचेसच्या नावात चर्चच्या मनोऱ्याच्या रोखाने होणारी घोड्यांची शर्यत अद्याप शिल्लक आहे. मॅरेथॉनला मात्र खेळातला पूर्वज नाही. प्राचीन ऑलिंपिकमध्ये ती नव्हतीच. तिचा उगम वाङ्मयात आहे.

हेरोडोटसचा फिडिपिडीस धावतो तो अथेन्सहून स्पार्टाकडे, तेही मदत मागण्यासाठी. विजयवार्ता सांगून प्राण सोडणारा दूत इ. स. पू. ४९० च्या त्या लढाईनंतर सुमारे सहा शतकांनी प्लूटार्क व ल्युशियन यांच्या लेखनात आढळतो. प्लूटार्ककडे तर त्याचे नावही निराळे आहे. ब्राउनिंगने १८७९ मध्ये दोन्ही धावा एकाच नायकाला दिल्या. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकसाठी ही शर्यत सुचविणारा मिशेल ब्रेआल क्रीडापटू नव्हे, भाषाशास्त्रज्ञ होता. अर्थविचारावरील त्याचा ग्रंथ पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाला. हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

१९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले या शर्यतीत एकोणिसावे आले. तेथील मार्ग ४२.७५ किलोमीटरचा होता, ४२.१९५ हे अंतर १९२१ मध्ये निश्चित झाले.

गोळाफेक, थाळीफेक हे शब्द मराठीने वस्तूंवरून घडविले. येथे हाती वस्तू नव्हती, होते ते एका गावाचे नाव. ते जसेच्या तसे स्वीकारले गेले, आणि आता लांबलेली बैठकही ‘मॅरेथॉन’ ठरते.