नाशिकचा हिवाळा : आधी पाऊस, मग गारठा

दिवाळी सरली की नाशिककरांचे लक्ष पाऱ्याकडे लागते. सकाळी वर्तमानपत्र उघडायचे, निफाडचा आकडा पाहायचा आणि पुन्हा पांघरुणात शिरायचे, हा अनेक घरांचा परिपाठ आहे. जिल्ह्यातील हिवाळ्याचे खरे नुकसान मात्र बऱ्याचदा त्या आकड्यात दिसत नाही. ते त्याच्या दोन-चार दिवस आधी येऊन गेलेल्या पावसात झालेले असते. पाऊस आणि थंडी या येथे दोन वेगळ्या घटना नसून, बहुतेक वेळा एकाच वातावरणीय प्रणालीची ती दोन टोके असतात. त्यामुळे हिवाळ्याचा अंदाज वाचताना किमान तापमानाआधी पावसाचा रकाना पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

या प्रणालीला 'पश्चिमी चक्रावात' म्हणतात. हिंदी वाहिन्यांच्या कृपेने 'पश्चिमी विक्षोभ' हा शब्दही आता आपल्याकडे रुळला आहे. भूमध्य समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या परिसरात यांचा उगम होतो. इराण, अफगाणिस्तान व पाकिस्तान ओलांडून ते हिमालयावर धडकतात. हिवाळ्यात महिन्याकाठी साधारणपणे चार ते सहा चक्रावात येतात आणि काश्मीर-हिमाचलात बर्फ, तर पंजाब-हरियाणात पाऊस देऊन पुढे सरकतात. महाराष्ट्र त्यांच्या नेहमीच्या मार्गाच्या बराच दक्षिणेस आहे. तथापि एखाद्या चक्रावाताचा कमी दाबाचा पट्टा वरच्या थरांत थेट अरबी समुद्रापर्यंत लांबतो. त्याच वेळी समुद्रावरून बाष्पही येत असेल, तर थंड व दमट हवेची गाठ उत्तर महाराष्ट्रावर पडते. त्यातून ढग, विजा, पाऊस आणि प्रसंगी गारा येतात.

चक्रावात पूर्वेला निघून गेला की त्याच्या पाठीमागून राजस्थान, गुजरात व मध्य प्रदेशमार्गे उत्तरेचे कोरडे वारे खाली उतरतात. युरोप-अमेरिकेत थंड हवेची ही 'शीत आघाडी' एखाद्या भिंतीसारखी सरकते आणि काही तासांत तापमान कोसळते. नाशिकपर्यंत येईतो ती भिंत विरलेली असते, त्यामुळे थंडी एका रात्रीत न येता दोन-तीन दिवसांत पायरीपायरीने उतरते.

या क्रमामुळे सामान्य माणसाची एक फसगत नेहमी होते. आकाश ढगाळले की जमिनीतील उष्णता रात्री वर निसटत नाही, किमान तापमान चार-पाच अंशांनी चढते आणि 'यंदा थंडी गेली' असे गंगापूर रोडवर फिरायला जाणारे एकमेकांना सांगू लागतात. वस्तुतः ती येण्याच्या वाटेवर असते. ढग पांगले, वारा उत्तरेचा झाला आणि ओल्या जमिनीवर पहाटे धुके बसू लागले, की पुढच्या तीन-चार रात्रींत पारा घसरणार, असे समजण्यास हरकत नाही.

निफाडच का?

वर्तमानपत्रांत झळकणारा निफाडचा आकडा हा प्रामुख्याने कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्राचा असतो. हे केंद्र राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे असून, त्र्यंबक, गोदावरी, तपोवन अशी खास नाशिकची नावे असलेले गव्हाचे वाण येथूनच आले. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस येथे १.८ अंश सेल्सिअसची नोंद झाली होती व पानांवरील दवबिंदू गोठले होते. जानेवारी २०२० मध्ये पारा २.४ अंशांपर्यंत उतरला. नाशिक शहराचे तापमान अशा वेळी सहसा काही अंशांनी अधिक असते.

याचे कारण भूगोलात आहे. निफाड तालुका गोदावरी व कादवेच्या खोऱ्यातील सपाट, सखल आणि बागायती प्रदेश आहे. थंड हवा जड असल्याने निरभ्र, निवांत रात्री ती उतारावरून वाहत येऊन अशा खोलगट भागात साचते. शहरात सिमेंट-डांबर दिवसाची ऊब रात्री उशिरापर्यंत धरून ठेवतात, उघड्या रानाला ती सोय नाही. म्हणून निफाडचा आकडा निफाडचाच मानावा. त्यावरून पंचवटीत किंवा सिडकोत किती गारठा आहे, हे ठरवू नये.

आणखी एक गैरसमज 'थंडीची लाट' या शब्दाबाबत आहे. भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली असावे लागते आणि शिवाय ते सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी कमी असावे लागते. ही तूट ६.४ अंशांहून अधिक झाली तर लाट तीव्र ठरते. सरासरी काहीही असो, पारा ४ अंशांवर आला तरी लाट आणि २ अंशांवर आला तर तीव्र लाट मानली जाते. नाशिकची जानेवारीतील किमान सरासरी दहा-अकरा अंशांच्या आसपास आहे. म्हणजे पारा ८ अंशांवर आला की आम्ही वार्ताहर 'लाट' हा शब्द सढळ हाताने वापरतो, तेव्हा शास्त्रानुसार ती लाट नसते. सहाच्या आसपास गेल्यावरच तिची गोष्ट सुरू होते.

पण या व्याख्येची मर्यादाही एका घटनेने दाखवून दिली. १ व २ डिसेंबर २०२१ रोजी अरबी समुद्रातील प्रणाली आणि पश्चिमी चक्रावात यांच्या एकत्रित परिणामाने मुंबईपासून नाशिक-पुण्यापर्यंत मोठा अवकाळी पाऊस झाला. दिवसाही सूर्यदर्शन नव्हते आणि गार वारे सुटले होते. पुणे व अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यांत उघड्यावर बसलेल्या मेंढ्या भिजून, काकडून मोठ्या संख्येने दगावल्या. त्या रात्री किमान तापमान दहा अंशांच्या बरेच वर होते. थंडीची लाट कोठेही नव्हती, तरी थंडीनेच जीव गेले. ओले अंग आणि वारा असेल तर पंधरा-सोळा अंशही मारक ठरतात, हे मेंढपाळांना पुस्तकाविना ठाऊक असते. दुसऱ्या दिवशीच्या 'राज्यातील नीचांकी तापमान' या चौकटीत मात्र त्याला जागा नसते.

द्राक्षबागेचे दिनमान

नाशिकच्या हिवाळ्यात सर्वाधिक पणाला लागते ते द्राक्ष. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेला फुटवे येतात, पुढे सुमारे सव्वा ते दीड महिन्यात घड फुलोऱ्यात येतात आणि जानेवारीच्या अखेरीपासून काढणीची धांदल सुरू होते. पावसाचा एकच दिवस या वेळापत्रकात कोठे येतो, यावर त्याचा अर्थ ठरतो. फुलोऱ्यापूर्वी आला तर डाऊनी, फुलोऱ्यात आला तर घडांची गळ व कूज, आणि मण्यांत साखर उतरल्यावर आला तर मणी तडकतात. कसमादे पट्ट्यात, विशेषतः सटाणा परिसरात, पावसाळ्यातच छाटणी करून डिसेंबरात बाजारात आणली जाणारी 'अर्ली' द्राक्षे या शेवटच्या संकटाच्या थेट तोंडी असतात.

नोव्हेंबर २००९ मधील 'फयान' चक्रीवादळाच्या पावसाने जिल्ह्यातील बागांवर डाऊनीचे थैमान घातले होते. डिसेंबर २०१४ मध्ये गारपीट झाली. २०१९ मध्ये 'क्यार' व 'महा' या वादळांच्या काळात ऑक्टोबरचा पाऊस नोव्हेंबरपर्यंत लांबला. २६ नोव्हेंबर २०२३ च्या रविवारी निफाड, चांदवड परिसरात गारांनी बागा अक्षरशः झोडपल्या आणि शेतातील कांदाही आडवा झाला.

पावसातून वाचलेल्या बागेपुढे मग थंडी उभी राहते. पारा फार उतरला की मुळांचे काम मंदावते व मण्यांची फुगवण थांबते. दिवसा ऊन आणि रात्री कडाका अशी तफावत वाढली की हिरव्या वाणांच्या मण्यांवर गुलाबी छटा येते. निर्यातीच्या मालात हे 'पिंक बेरी' चालत नाहीत. त्यासाठी घडांना कागद गुंडाळणे, पहाटे ठिबक सुरू करून जमीन उबदार ठेवणे, बांधावर शेकोट्या पेटवून धूर करणे हे उपाय केले जातात. रात्री दोनला उठून हे सर्व करणाऱ्या कुटुंबाच्या शेजारच्याच शेतात गहू मात्र त्याच थंडीत जोमाने फुटवे धरतो.

अंदाज कसा वाचावा?

नाशिक जिल्हा हवामान विभागाच्या 'मध्य महाराष्ट्र' या उपविभागात येतो व त्याचे अंदाज मुंबईतील कुलाब्याच्या प्रादेशिक केंद्रातून प्रसृत होतात. डिसेंबर ते फेब्रुवारीचा हंगामी अंदाज हिवाळ्याच्या तोंडावर जाहीर होतो. थंडी सरासरीहून कमी की अधिक, एवढेच तो सांगतो. तारीख त्यात शोधू नये. दर गुरुवारी पुढील चार आठवड्यांचा कल मिळतो आणि प्रत्यक्ष कामाचा असतो तो जिल्हानिहाय पाच दिवसांचा अंदाज. इगतपुरी येथील केंद्रातून मंगळवारी व शुक्रवारी कृषी हवामान सल्लाही निघतो.

अंदाजातील शब्द मोजून वापरलेले असतात. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे विभागातील एक चतुर्थांशापर्यंत केंद्रांवर पाऊस, 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यापर्यंत. 'हलका' म्हणजे चोवीस तासांत १५.५ मिलिमीटरपर्यंत आणि 'मध्यम' म्हणजे ६४.४ पर्यंत. फुलोऱ्यातील बागेला 'तुरळक ठिकाणी हलका' एवढाही पुरतो. त्यामुळे शहरी वाचक ज्या अंदाजाला 'काही विशेष नाही' म्हणून ओलांडतो, त्यावर पिंपळगाव-ओझरच्या शिवारात फवारणीचा निर्णय आणि काही हजारांचा खर्च अवलंबून असतो. मोबाईलवर फिरणाऱ्या निनावी भाकितांत असे मोजमाप नसते. सर्वत्र 'जोरदार'च असते.

नुकसानीनंतरचा हिशेबही मोजमापावरच चालतो. शासकीय मदतीसाठी ३३ टक्क्यांहून अधिक नुकसान पंचनाम्यात यावे लागते. हवामान आधारित फळपीक विम्यात तर पंचनाम्याऐवजी महसूल मंडळातील स्वयंचलित केंद्राने नोंदविलेला पाऊस व तापमान पाहिले जाते आणि गारपिटीसाठी स्वतंत्र हप्ता भरावा लागतो. हिवाळी पावसाचा स्वभाव एका शिवाराला झोडपून दुसरे कोरडे ठेवण्याचा आहे. केंद्र गावाच्या अलीकडे असेल आणि ढग पलीकडे फुटला, तर बाग भिजते पण नोंद कोरडी राहते.