इंधनमिश्रण व इग्निशन टायमिंग (घाटरस्त्यांच्या संदर्भात)

पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये जाणाऱ्या हवा-पेट्रोलचे प्रमाण आणि स्पार्क प्लगची ठिणगी पडण्याची वेळ यांचा मेळ घालण्याची क्रिया. मिश्रण किती वेगाने जळते यावर ठिणगीची वेळ ठरते. म्हणून एक बदलले की दुसरे पुन्हा तपासावेच लागते.

तत्त्व : 1 किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. सर्वाधिक ताकद मात्र हे प्रमाण 12.5 ते 13 असताना मिळते. असे रिच मिश्रण लवकर जळते आणि जादा पेट्रोल सिलिंडरमधील उष्णता शोषते. लीन (कमी पेट्रोलचे) मिश्रण सावकाश जळते, त्यामुळे ठिणगी आधी पाडावी लागते. पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्यापूर्वीच ठिणगी पडते. दाबाचा कळस ते टोक ओलांडल्यावर क्रँकच्या सुमारे 15 अंशांवर यावा, हा हेतू असतो. ठिणगी फार लवकर पडली तर उरलेले मिश्रण आपोआप पेटते आणि इंजिन ठोकू लागते. उशिरा पडली तर ताकद घटते, एक्झॉस्ट तापतो.

घाटातील कसोटी : खालापूर तालुक्यातील खोपोली ते लोणावळा (सुमारे 620 मी.) हा बोरघाट आणि कर्जत तालुक्यातील नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्याकडे जाणारा तीव्र चढ या दोन्ही ठिकाणी हा मेळ कसाला लागतो. वरच्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे कमी आणि भार जास्त, ही ठोकण्याला पोषक स्थिती. उन्हाळ्यातील तप्त हवा त्यात भर घालते. वेळीच गिअर खाली घेणे हा पहिला उपाय. लोणावळ्याच्या उंचीवर हवेची घनता सुमारे 6 टक्क्यांनी घटते. तेथे प्रीमियर पद्मिनीसारख्या कार्ब्युरेटरच्या गाडीचे मिश्रण थोडे रिच होते. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हवा मोजतात आणि ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) पेट्रोल कमी सोडतो.

पद्धत : पद्मिनीत डिस्ट्रिब्यूटर हाताने फिरवून टायमिंग लावत. आता डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), वाइडबँड लॅम्डा सेन्सरच्या (एक्झॉस्टमधील ऑक्सिजनवरून मिश्रण सांगणाऱ्या) मदतीने आधी मिश्रण स्थिर करतात. मग उशिराच्या टायमिंगपासून सुरुवात करून एकेक अंश पुढे नेतात. टॉर्क वाढायचा थांबला की तेथेच थांबावे. ठोकण्याची खूण त्याआधी दिसली तर दोन अंश मागे यावे. टॉर्क थांबल्यानंतरचा अंश ताकद देत नाही, फक्त पिस्टन धोक्यात घालतो.

इंधन : 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला हवेचे प्रमाण सुमारे 13.5 लागते. जुन्या कार्ब्युरेटरची जेट तशीच ठेवली तर मिश्रण लीन होते. इथेनॉल ठोकण्याला विरोध करते, त्यामुळे टायमिंगला थोडी मोकळीक मिळते. पण मिश्रण दुरुस्त केल्यावरच तिचा लाभ घ्यावा.

मर्यादा : मोटार वाहन कायद्याचे कलम 52 वाहनातील बदलांवर बंधने घालते, आणि पीयूसी चाचणीत रिच मिश्रणाचा कार्बन मोनॉक्साइड लगेच उघड होतो. पूर्ण भाराची चाचणी डायनोवर किंवा बंदिस्त ट्रॅकवरच घ्यावी. घाट हा सर्वांचा रस्ता आहे; तेथे चांगल्या ट्यूनिंगची ओळख म्हणजे न ठोकता, न तापता चढून जाणारी गाडी.