संगणक परिचालन प्रणालीचे मराठी अनुकूलन

संगणकाचा कळफलक, पडदा, मुद्रक व साठवणसाधने यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या आणि इतर सर्व आज्ञावलींना आधार देणाऱ्या मूलभूत आज्ञावलीसमूहास परिचालन प्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. मेजावरील संगणकाची ही प्रणाली निर्मात्याने दिलेल्या स्थितीत न वापरता भाषा, लिपी, कळफलक, टंक, दिनांक व वर्णक्रम या बाबतींत स्वतःच्या गरजेनुसार बदलून घेणे, तसेच ती सुस्थितीत राखणे, हे जाणकार उपयोजकाचे काम होय. मराठीपुरता या कामाचा इतिहास हा देवनागरी लिपीच्या यांत्रिक लेखनाच्या इतिहासाचा पुढील भाग असून त्याचे बरेच धागे दक्षिण व मध्य मुंबईतून गेलेले आहेत.

पूर्वपीठिका : जावजी दादाजी (१८३९–९२) यांनी मुंबईत १८६४ साली टंकशाळा व १८६९ साली निर्णयसागर मुद्रणालय सुरू केले. राणोजी रावजी आरू यांनी घडविलेल्या साच्यांमुळे निर्णयसागरचे देवनागरी खिळे भारतभर मान्यता पावले. काना, मात्रा, वेलांटी, रफार व जोडाक्षरे यांमुळे देवनागरीच्या जुळणीस इंग्रजीपेक्षा कितीतरी अधिक खिळे लागत. त्यांची घरे कोणत्या क्रमाने मांडावयाची, हे ज्या त्या मुद्रणालयाच्या सोयीनुसार ठरे. मात्र ही मांडणी कितीही वेगळी असली, तरी छापलेला कागद कोणासही वाचता येई. पुढे संगणकाच्या बाबतीत नेमका हाच आधार नाहीसा झाला.

टंकलेखन यंत्राने लिपीवर आणखी एक मर्यादा आणली. लालबागेत १८९७ साली कुलुपांच्या निर्मितीने आरंभ झालेल्या गोदरेज उद्योगाने १९५५ साली भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले. देवनागरी यंत्रावर अक्षरे दिसण्याच्या क्रमाने उमटविली जात, उदा., ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी व मग ‘क’. कार्यालयांतील टंकलेखकांची बोटे या क्रमास सरावली आणि ही सवय पुढे संगणकाच्या कळफलकापर्यंत टिकली.

मुंबईतील संगणक : कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला टिफरॅक हा संगणक १९६० साली पूर्णपणे कार्यान्वित झाला. त्याच्या स्मृतीत प्रत्येकी ४० अंकांचे २,०४८ शब्द मावत. आजच्या अर्थाने परिचालन प्रणाली त्यास नव्हती. आज्ञा छिद्रित फितीवरून थेट यंत्रास दिल्या जात आणि यंत्राची अंतर्रचना जाणणे हीच उपयोजकाची पात्रता असे. १९६४ साली याच संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. अनेकांची कामे एकामागून एक यंत्रास लावून देणारी प्रणाली त्यासोबत आली. यंत्र व उपयोजक यांच्यामध्ये व्यवस्थापक हा नवा घटक त्यामुळे निर्माण झाला. या संस्थेतील संगणनकार्यातूनच १९८५ साली राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र हे स्वतंत्रपणे उभे राहिले.

सु. १९९० नंतर संगणक घरांत व लहान कार्यालयांत आला. ग्रँट रोडजवळील लॅमिंग्टन रोड (डॉ. भडकमकर मार्ग) हा रेडिओच्या सुट्या भागांचा बाजार संगणकाच्या भागांचाही बाजार झाला. सुटे भाग निवडून जोडलेल्या यंत्रावर परिचालन प्रणाली चढविण्याचे काम जोडणारा तंत्रज्ञ करी. गिरगाव, दादर, परळ भागांत लग्नपत्रिका, अहवाल व पुस्तके यांची जुळणी करणारी संगणकीय अक्षरजुळणी केंद्रे निघाली व खिळ्यांची घरे हळूहळू बंद झाली. अशा केंद्रांच्या चालकांस शिक्षणाने नव्हे, पण गरजेपोटी संगणकाचे व्यवस्थापक व्हावे लागले.

संकेतनाचा प्रश्न : संगणक अक्षर साठवीत नाही, अक्षराचा क्रमांक साठवितो. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने इनस्क्रिप्ट हा सर्व भारतीय लिप्यांस समान कळफलक १९८६ साली प्रमाणित केला. इस्की हे संकेतन १९८८ साली सुधारून १९९१ साली भारतीय मानक म्हणून स्वीकारले गेले. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राचे जिस्ट हे पत्रक डॉस प्रणालीच्या संगणकात बसविले, की कळफलक व पडदा यांमध्ये ते मध्यस्थी करी आणि देवनागरी उमटवी. विंडोज प्रणाली रूढ झाल्यावर मात्र खाजगी टंकसंचांचा मार्ग सर्वत्र पत्करला गेला. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या स्थानांवर देवनागरीचे तुकडे बसविण्याची ही युक्ती होती. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर इंग्रजीच असे. केवळ विशिष्ट टंकामुळे तो मराठी दिसे. प्रत्येक निर्मात्याची स्थानरचना वेगळी असल्याने टंक नसलेल्या यंत्रावर तोच मजकूर निरर्थक चिन्हांची रांग होई. त्यात शब्द शोधता येत नसे किंवा अकारविल्हे लावता येत नसे. छापलेला कागद सर्वांचा होता. संगणकातील मजकूर मात्र टंकाच्या मालकाशी बांधला गेला. त्या काळातील कितीतरी लेखन आज रूपांतरकांच्या साहाय्याने सोडवून घ्यावे लागते.

यावरील उपाय युनिकोड या जागतिक संकेतनाने पुरविला. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीस १२८ स्थानांचा स्वतंत्र विभाग मिळाला. त्याची मांडणी १९८८ च्या इस्कीवर आधारलेली होती. यात जोडाक्षरांना स्वतंत्र क्रमांक नाहीत. ‘क’, हलन्तचिन्ह व ‘ष’ हे तीन क्रमांक लागोपाठ आले, की ‘क्ष’ हे रूप घडविणे ही प्रणालीची व टंकाची जबाबदारी असते. २००० साली आलेल्या विंडोज २००० मध्ये ही सोय प्रथम मिळाली. तिच्यातील मंगल हा टंक सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी रचला; सर ज. जी. कलाशाळेत शिकलेले जोशी पुढे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राशी निगडित होते.

व्यवस्थापकाचे कार्य : सोय उपलब्ध होणे व ती चालू असणे यांत अंतर होते. विंडोज एक्सपी (२००१) मध्ये संयुक्त लिप्यांच्या संचिका मुळात बसविलेल्या नसत. नियंत्रण-पटलातील प्रादेशिक व भाषिक पर्यायांत जाऊन तेथील चौकट निवडणे, मूळ तबकडी पुरविणे, यंत्र पुन्हा चालू करणे आणि मग मराठी कळफलक जोडणे, एवढे सोपस्कार करावे लागत. त्यांसाठी व्यवस्थापकाचे अधिकार आवश्यक असल्याने कार्यालयातील सामान्य कर्मचाऱ्यास ते स्वतः करता येत नसत. संगणकास मराठी येत नाही, हा समज बहुधा या न उघडलेल्या चौकटीतून पसरला. २००७ साली सर्वत्र मिळू लागलेल्या व्हिस्टा आवृत्तीपासून या संचिका आपोआप बसू लागल्या.

लिनक्स या मुक्त प्रणालीत प्रश्न निराळा होता. तीत प्रत्येक भाग उघडा असल्याने बदलता येई, पण तो बदलणारा मनुष्य लागे. मुंबईत राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने इंडिक्स प्रकल्पाद्वारे लिनक्सच्या चित्रदर्शी स्तरावरच भारतीय लिप्यांची सोय केली आणि इंडलिनक्स या स्वयंसेवी उपक्रमाने प्रणालीतील आज्ञा व सूचना यांची भाषांतरे हाती घेतली. केंद्र २००३ साली प्रगत संगणन विकास केंद्रात विलीन झाले. लिनक्सवर मराठी वापरणाऱ्यास तीन गोष्टी पहाव्या लागतात : दिनांक, चलन व वर्णक्रम सांगणारा स्थानसंच, कोणत्या कळीस कोणते अक्षर हे ठरविणारी कळफलक-संचिका, आणि कोणता टंक आधी वापरावा याचा क्रम. यांपैकी दुसरी साधी मजकूर-संचिका असल्याने टंकलेखन यंत्राच्या सवयीचा कळफलकही जाणकारास स्वतः तयार करता येतो.

मराठीचे विशेष : देवनागरी म्हणजे हिंदी, असे प्रणाली-निर्मात्यांनी आरंभी गृहीत धरले होते. मराठीस त्यामुळे काही दुरुस्त्या करून घ्याव्या लागल्या. ‘दर्या’ व ‘दऱ्या’ हे भिन्न अर्थांचे शब्द आहेत. त्यांतील दुसऱ्याच्या ‘र’ साठी ‘ऱ’ व हलन्तचिन्ह यांचा योग ठरविण्यात आला. तो योग न जाणणाऱ्या टंकात समुद्र व खोरी एकच होत. ‘ॲ’ या स्वरास स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले; तोवर तो ‘अ’ व चंद्र यांच्या जोडणीने लिहिला जाई, त्यामुळे एकच शब्द दोन प्रकारे साठविला जाऊन शोधात निसटे. वर्णमालेत ‘ह’ नंतर येणारा ‘ळ’ संकेतनात ‘ल’ जवळ आहे; म्हणून वर्णक्रमाचा नियम प्रणालीस वेगळा सांगावा लागतो. मराठी वळणाचे ‘ल’ व ‘श’ हिंदीहून भिन्न असून महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमालेविषयीच्या निर्णयाने त्यांची रूपे निश्चित केली. धोबी तलाव येथील राज्य मराठी विकास संस्थेने यशोमुद्रा व यशोवेणु हे मराठी वळणाचे युनिकोड टंक विनामूल्य उपलब्ध करून दिले.

२०१० साली स्वीकारलेल्या रुपयाच्या चिन्हाने या कामाचे स्वरूप पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षी युनिकोडमध्ये त्यास स्थान मिळाले, पण प्रत्येक यंत्रावर नवा टंक व नवी कळफलक-संचिका चढविल्याखेरीज ते उमटत नव्हते. प्रमाण ठरविणे हे संस्थांचे काम असले, तरी ते मेजापर्यंत पोहोचविणे व्यवस्थापकाच्याच हाती राहते.

विंडोज १० मध्ये २०१९ साली उच्चारानुसारी मराठी कळफलक आला आणि अनुकूलनाचे पुष्कळसे श्रम कमी झाले. जुन्या खाजगी टंकांतील दप्तरे, पुस्तके व पत्रव्यवहार यांचा प्रश्न मात्र शिल्लक आहे. मूळ टंक, तो वाचणारी प्रणाली व ती चालविणारे यंत्र ही तिन्ही जपली किंवा मजकूर वेळीच युनिकोडमध्ये आणला, तरच तो वाचनीय राहतो. निर्णयसागरने छापलेली एकोणिसाव्या शतकातील पोथी आजही सहज वाचता येते, पण १९९५ च्या सुमारास जुळविलेल्या पुस्तकाची संगणकीय प्रत काही वेळा उघडत नाही. मराठी संगणनाच्या इतिहासातील हा विरोधाभास प्रमाण संकेतनाचे महत्त्व पुरेसे स्पष्ट करतो.